अन्यायाची साक्ष आणि साक्षीदाराचा प्रामाणिकपणा: सोव्हिएत बंदिवासातून आलेली चार पुस्तके

विसाव्या शतकात जगाच्या अनेक भागांत निरपराध माणसांना घरातून उचलून दूरदेशी नेण्यात आले, छावण्यांत कोंडण्यात आले आणि त्यांची नावेही मागे राहू नयेत अशी व्यवस्था करण्यात आली. त्यांपैकी काहींनी जे पाहिले आणि सोसले ते लिहून ठेवले. अशा लेखनाला आपण आठवणी, आत्मचरित्र किंवा इतिहास अशी निरनिराळी नावे देतो. परंतु त्याचे मूळ स्वरूप साक्षीचे असते. साक्ष ऐकताना केवळ हळहळून चालत नाही, ती पारखूनही घ्यावी लागते. म्हणून अशा प्रत्येक पुस्तकाला वाचकाने तीन प्रश्न विचारावेत, असे आम्हांस वाटते. साक्षीदाराने नेमके काय पाहिले? त्या प्रसंगी तो स्वतः कसा वागला? आणि ही साक्ष कोणाच्या आधाराने आपल्यापर्यंत पोहोचली?

प्रिय वाचकहो, प्रस्तुत लेखात आम्ही सोव्हिएत रशियातील छावण्या आणि हद्दपारी यांविषयीच्या चार पुस्तकांचा परिचय करून देत आहोत. त्यांचे लेखक एकमेकांपासून अगदी भिन्न आहेत. एक लिथुआनियातील शाळकरी मुलगी, एक रशियन सैन्याधिकारी, एक अमेरिकन येशूसंघीय धर्मगुरू आणि एक धर्मभगिनी. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे त्यांच्या साक्षीतला प्रामाणिकपणा. हा प्रामाणिकपणा कशात असतो, हेच आपल्याला पाहावयाचे आहे.

पार्श्वभूमी

१९१७ च्या क्रांतीनंतर रशियात कम्युनिस्टांची सत्ता आली. विरोधकांना आणि विरोधक असल्याचा नुसता संशय असलेल्यांनाही कैदेत टाकण्यास तेव्हापासूनच प्रारंभ झाला. उत्तरेकडील श्वेत समुद्रातील सोलोवेत्स्की बेटांवर ऑर्थोडॉक्स संन्याशांचा प्राचीन मठ होता. १९२३ मध्ये त्याचे छावणीत रूपांतर करण्यात आले. ऑर्थोडॉक्स बिशप आणि संन्याशी यांच्याबरोबरच अनेक कॅथलिक धर्मगुरूंनीही तेथे बंदिवास भोगला. १९३० मध्ये देशभरच्या छावण्या एका मुख्य कार्यालयाखाली आणण्यात आल्या. 'छावण्यांचे मुख्य प्रशासन' अशा अर्थाच्या रशियन नावातील आद्याक्षरे जोडून 'गुलाग' हा शब्द तयार झाला आणि पुढे तो त्या संपूर्ण व्यवस्थेचेच नाव बनला.

या व्यवस्थेचे दोन भाग होते, हे लक्षात घेतले पाहिजे. पहिला भाग सक्तमजुरीच्या छावण्यांचा. तेथे कैदी खाणींत, जंगलात, रस्त्यांवर आणि कालव्यांवर राबत. दुसरा भाग हद्दपारीचा. त्यात संपूर्ण कुटुंबांना, काही वेळा संपूर्ण जमातींना, सायबेरिया, कझाकस्तान किंवा उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात नेऊन सोडले जाई. तेथे तारेचे कुंपण नसले तरी परत येण्याची वाट बंद असे. आपल्या भाषेत 'काळे पाणी' या शब्दांनी जी भीती मनात उभी राहते, तीच भीती रशियन माणसाच्या मनात 'सायबेरिया' या शब्दाने उभी राहते.

२३ ऑगस्ट १९३९ रोजी हिटलरचा जर्मनी आणि स्टॅलिनचा रशिया यांच्यात करार झाला. त्याच्या गुप्त कलमांनी पूर्व युरोपची वाटणी केली गेली. त्याचा परिणाम म्हणून जून १९४० मध्ये बहुसंख्य कॅथलिक लोकवस्तीचा लिथुआनिया हा छोटा देश सोव्हिएत सैन्याने व्यापला. बरोबर एका वर्षाने, १४ जून १९४१ रोजी, तेथे सामूहिक हद्दपारी सुरू झाली. त्या काही दिवसांत सुमारे १७ हजार माणसांना मालगाड्यांत भरून पूर्वेकडे पाठविण्यात आले. त्यांत शिक्षक होते, शेतकरी होते, सरकारी नोकर होते, वृद्ध होते आणि तान्ही मुलेही होती.

बागेत पुरलेली पाने

त्या मालगाड्यांपैकी एका गाडीत दालिया ग्रिंकेविच्युटे होत्या. कौनास शहरातील ही मुलगी तेव्हा अवघ्या १४ वर्षांची होती. तिच्या वडिलांना कुटुंबापासून तोडून वेगळ्या छावणीत पाठविण्यात आले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. दालिया, त्यांची आई आणि भाऊ यांना प्रथम अल्ताई प्रदेशात आणि १९४२ मध्ये लेना नदीच्या मुखाशी असलेल्या त्रोफिमोव्स्क या बेटावर नेण्यात आले. हे बेट उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, लाप्तेव समुद्राच्या काठी आहे. हिवाळ्यात तेथे कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही. राहावयास घरे नव्हती. ती हद्दपार केलेल्यांनी स्वतःच उभारावयाची होती. त्यांनी सरकारसाठी मासे पकडावेत अशी अपेक्षा होती, परंतु त्यांनी स्वतः त्यातला मासा घेणे हा गुन्हा होता. समोर माशांची पिंपे आणि आसपास उपासमारीने मरणारी माणसे, अशी त्या बेटाची स्थिती होती.

१९४९ मध्ये दालिया आजारी आईला घेऊन हद्दपारीतून पळाल्या आणि लपतछपत कौनासला परतल्या. आईची शेवटची इच्छा मायभूमीत देह ठेवण्याची होती. १९५० मध्ये आईचे निधन झाले. पोलिसांपासून लपून राहावे लागत असल्यामुळे उघडपणे अंत्यविधी करणे शक्य नव्हते. दालियांनी आईला घराच्या तळघरात पुरले. याच काळात त्यांनी त्रोफिमोव्स्कच्या आठवणी सुट्या कागदांवर लिहून काढल्या आणि ते कागद एका काचेच्या बरणीत घालून बागेत पुरून ठेवले. लवकरच त्यांना पुन्हा अटक झाली. शिक्षा भोगून परतल्यावर त्या डॉक्टर झाल्या, पण ती बरणी त्यांना सापडली नाही. म्हणून १९७४ च्या सुमारास त्यांनी तीच हकीकत स्मरणातून पुन्हा, थोडक्यात लिहिली. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले. ते दुसरे लेखन १९८८ मध्ये लिथुआनियात प्रसिद्ध झाले आणि १९९१ मध्ये बागेतील मातीतून ती बरणी बाहेर आली. त्या पानांचा इंग्रजी अनुवाद 'शॅडोज ऑन द टुंड्रा' या नावाने २०१८ मध्ये प्रकाशित झाला आहे.

आपल्या तीन प्रश्नांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर या पुस्तकाइतके स्पष्ट क्वचितच कोठे मिळेल. लेखिका अन्यायाविषयी मोठमोठी विधाने करीत नाही. कोणत्या झोपडीत कोण होते, कोणाचे पाय गोठले, कोणी कोणाची भाकरी घेतली, कोणी कोणाला वाचविले, एवढेच ती सांगते. आईला ऊब मिळावी म्हणून आपण सरकारी लाकडे चोरली, हेही ती लपवीत नाही. ज्यांची कबर कोठे आहे हे कोणालाही ठाऊक नाही, अशा माणसांची नावे त्या पानांवर टिकून राहिली. ती पाने ज्या मुलीने लिहिली तिला ती पुन्हा कधी पाहावयास मिळाली नाहीत, ही गोष्ट मनाला चटका लावते.

भाकरीच्या मण्यांची जपमाळ

दुसरे पुस्तक जगप्रसिद्ध आहे: अलेक्झांडर सोल्झेनित्सिन यांचे 'गुलाग द्वीपसमूह'. सोल्झेनित्सिन यांचा जन्म १९१८ मध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धात ते सोव्हिएत तोफखान्यात कॅप्टन होते. मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्यांनी स्टॅलिनवर टीका केली, म्हणून फेब्रुवारी १९४५ मध्ये त्यांना रणभूमीवरच अटक झाली. त्यांना ८ वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. ती संपल्यावर मार्च १९५३ मध्ये त्यांना कझाकस्तानातील कोक-तेरेक या गावी कायमचे हद्दपार करण्यात आले.

छावणीत कैद्याला लिहिलेला कागद जवळ बाळगता येत नसे. म्हणून सोल्झेनित्सिन मनातल्या मनात पद्यरचना करीत आणि ती तोंडपाठ ठेवीत. ओळी मोजण्यासाठी त्यांना साधन हवे होते. ते त्यांना कॅथलिक कैद्यांकडून मिळाले. एका मुक्कामाच्या तुरुंगात काही लिथुआनियन कैदी भिजविलेल्या भाकरीचे मणी वळून, त्यांना रंग देऊन जपमाळा तयार करीत होते. आपल्यालाही अशी माळ हवी आहे, मात्र आपल्या उपासनेसाठी शंभर मणी लागतात आणि प्रत्येक दहावा मणी हाताला वेगळा लागला पाहिजे, असे सोल्झेनित्सिन यांनी त्यांना सांगितले. हा कोणता भक्तिप्रकार, याचे त्या भाविकांना आश्चर्य वाटले. तरीही त्यांनी बंधुभावाने हवी तशी माळ करून दिली. कामावर जाता-येता, थंडीत रांगेत उभे असताना, हातमोज्याच्या आत ते मणी ओढीत सोल्झेनित्सिन आपल्या ओळींची उजळणी करीत. झडतीत माळ सापडली तरी पहारेकरी तिला प्रार्थनेची वस्तू समजून सोडून देत. शिक्षा संपेपर्यंत सुमारे १२ हजार ओळी त्यांच्या स्मरणात साठल्या होत्या. ज्या लिथुआनियन कैद्यांनी ही माळ वळली, त्यांना आपण एका लेखकाच्या स्मरणशक्तीला आधार देत आहोत याची कल्पनाही नव्हती.

'गुलाग द्वीपसमूह' या ग्रंथाचे लेखन १९५८ ते १९६८ या दहा वर्षांत झाले. स्वतःच्या अनुभवाला त्यांनी २२७ जणांच्या साक्षींची जोड दिली. छावण्या देशभर बेटांसारख्या विखुरलेल्या होत्या, म्हणून 'द्वीपसमूह' हे नाव. ग्रंथाचा मोठा भाग त्यांनी १९६५ ते १९६७ या काळातील दोन हिवाळ्यांत एस्टोनियातील तार्तू शहराजवळच्या एका शेतघरात लपून लिहिला. मॉस्कोतील लुब्यांका तुरुंगात त्यांच्याच कोठडीत असलेले एस्टोनियन वकील आर्नोल्ड सूसी आणि त्यांचे कुटुंबीय यांनी या कामी त्यांना मदत केली. संपूर्ण हस्तलिखित लेखकाच्या टेबलावर एकत्र असे कधीच आले नाही. एक भाग लिहून झाला की तो लपवावयाचा आणि मग दुसरा काढावयाचा, अशी पद्धत होती.

ग्रंथ पूर्ण झाल्यावरही सोल्झेनित्सिन यांनी तो लगेच प्रकाशित केला नाही. त्यात ज्यांच्या साक्षी होत्या त्यांपैकी अनेक जण हयात होते आणि त्यांच्यावर संकट ओढवले असते. ऑगस्ट १९७३ मध्ये लेनिनग्राडमधील येलिझावेता वोरोन्यान्स्काया यांना गुप्त पोलिसांनी पकडले. त्यांनी हा ग्रंथ टंकलिखित केला होता. पाच दिवसांच्या उलटतपासणीनंतर त्यांनी एक प्रत कोठे लपविली आहे ते सांगितले. घरी परतल्यावर काही दिवसांतच त्या गळफास लागलेल्या स्थितीत मृतावस्थेत आढळल्या. ग्रंथ पोलिसांच्या हाती लागल्याचे कळताच सोल्झेनित्सिन यांनी तो परदेशात छापण्याचा निर्णय घेतला. २८ डिसेंबर १९७३ रोजी पॅरिसमध्ये त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. १२ फेब्रुवारी १९७४ रोजी लेखकाला अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी देशाबाहेर घालविण्यात आले. ते १९९४ मध्ये, वीस वर्षांनी, मायदेशी परतले. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले.

दुसरा प्रश्न, म्हणजे साक्षीदार स्वतः कसा वागला हा प्रश्न, या ग्रंथाच्या केंद्रस्थानी आहे. अटकेनंतर पायी चालत नेले जात असताना आपण अधिकारी आहोत या ताठ्यात आपली जड पेटी आपण एका जर्मन कैद्याला वाहावयास लावली, हे लेखक सांगतो. छावणीत आपल्यावर दडपण आणून खबऱ्या म्हणून सही करून घेण्यात आली आणि आपल्याला एक टोपणनावही देण्यात आले, हेही तो सांगतो. ती सही करूनही आपण कोणाची खबर दिली नाही, असे तो म्हणतो. पण सही केल्याची लाज तो झाकत नाही. तरुणपणी आपली निवड गुप्त पोलिसांच्या प्रशालेसाठी झाली असती तर आपणही छळ करणाऱ्यांपैकी एक झालो असतो काय, असा प्रश्न तो स्वतःला विचारतो. चांगली माणसे एका बाजूला आणि वाईट माणसे दुसऱ्या बाजूला, अशी सोपी विभागणी त्याला मान्य नाही. दोहोंमधील सीमारेषा प्रत्येकाच्या अंतःकरणातून जाते, हा या ग्रंथाचा गाभा आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी सोल्झेनित्सिन यांनी एक स्वतंत्र लेखन केले. हस्तलिखिते लपविणारे, टंकलेखन करणारे, चित्रफिती सीमेपलीकडे नेणारे अशा सहकाऱ्यांविषयीची ती प्रकरणे त्यांनी अनेक वर्षे राखून ठेवली आणि त्यांना धोका उरला नाही तेव्हाच, १९९१ मध्ये, प्रसिद्ध केली. वोरोन्यान्स्काया यांना त्यांनी दोष दिला नाही. आपल्या साहाय्यकांत त्यांनी त्यांचे स्मरण आदराने केले.

एका धर्मगुरूची कबुली

तिसरे लेखक फादर वॉल्टर चिझेक हे अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात पोलिश कुटुंबात १९०४ मध्ये जन्मले. येशूसंघात प्रवेश केल्यावर रशियातील सेवाकार्यासाठी त्यांनी स्वेच्छेने नाव दिले. रोम येथे शिक्षण होऊन १९३७ मध्ये त्यांना बायझंटाइन उपासनाविधीनुसार गुरुदीक्षा मिळाली आणि पूर्व पोलंडमध्ये त्यांची नेमणूक झाली. १९३९ मध्ये तो भाग सोव्हिएत सैन्याने व्यापला. १९४० मध्ये फादर चिझेक कामगारांच्या जथ्याबरोबर, बनावट नावाने, रशियात शिरले. तेथे गुप्तपणे भाविकांची सेवा करता येईल असा त्यांचा विचार होता. १९४१ मध्ये त्यांना अटक झाली. व्हॅटिकनचे हेर असल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला आणि १५ वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.

लुब्यांका तुरुंगातील एकांतवासानंतर त्यांची रवानगी उत्तर ध्रुववृत्तापलीकडील नोरिल्स्कच्या छावण्यांत झाली. तेथे त्यांनी कोळसा भरला, खाणीत आणि बांधकामावर मजुरी केली. इकडे अमेरिकेत १९४७ मध्ये त्यांची गणना मृतांत झाली होती आणि त्यांच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण केल्या जात होत्या. १९५५ मध्ये त्यांची छावणीतून सुटका झाली, परंतु देश सोडण्याची परवानगी मिळाली नाही. पुढील आठ वर्षे त्यांनी सायबेरियात कामगार म्हणून काढली. अखेर ऑक्टोबर १९६३ मध्ये दोन सोव्हिएत हेरांच्या बदल्यात त्यांना अमेरिकेत परत पाठविण्यात आले. 'विथ गॉड इन रशिया' हे त्यांचे पहिले पुस्तक १९६४ मध्ये आणि 'ही लीडेथ मी' हे दुसरे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

ही दोन पुस्तके एकाच जीवनाविषयी आहेत. मग दुसऱ्याची गरज काय होती? पहिले पुस्तक घटना सांगते. दुसरे पुस्तक त्या घटनांच्या वेळी मनात काय घडत होते ते सांगते. त्यातील सर्वांत कठीण प्रकरण लुब्यांकातील सहीचे आहे. आपण धर्मगुरू आहोत, आपल्याला प्रशिक्षण मिळाले आहे, आपण कधीही झुकणार नाही, असा फादर चिझेक यांना विश्वास होता. दीर्घ उलटतपासणी, गुंगीचे औषध आणि गोळी घालण्याची धमकी यांपुढे त्यांचा हा विश्वास कोसळला आणि त्यांनी खोट्या कबुलीजबाबाच्या पानांवर सह्या केल्या. आपण देवावर नव्हे तर स्वतःच्या बळावर विसंबून होतो, हे त्यांना त्या रात्री उमगले. पुढील सर्व वर्षांत त्यांनी जे धैर्य दाखविले, त्याचे मूळ त्यांनी या पराभवात शोधले आहे.

छावणीतील उपासनेविषयीची त्यांची पानेही वाचनीय आहेत. भिजविलेल्या मनुकांपासून तयार केलेला द्राक्षारस, साधी भाकरी आणि खाणीचा एखादा आडोसा, एवढ्यावर मिस्सा होत असे. त्या काळी पवित्र कम्युनियनपूर्वी मध्यरात्रीपासून उपवास करण्याचा नियम होता. अर्धपोटी राबणारे कैदी सकाळची भाकरी सोडून दुपारच्या सुट्टीत होणाऱ्या मिस्साची वाट पाहत. ज्याला उपाशी राहून काम म्हणजे काय ते ठाऊक आहे, त्यालाच या त्यागाची किंमत कळेल.

टंकलेखन यंत्रावरील प्रतिकार

चौथे पुस्तक स्टॅलिननंतरच्या काळाचे आहे. स्टॅलिनचा मृत्यू १९५३ मध्ये झाला आणि लक्षावधी कैदी सुटले. परंतु धर्मस्वातंत्र्य आले नाही. लिथुआनियात मुलांना धर्मशिक्षण देणे हा गुन्हा होता. १९७० आणि १९७१ मध्ये मुलांना प्रथम कम्युनियनसाठी तयार केले म्हणून काही धर्मगुरूंना तुरुंगवास झाला. १९७२ मध्ये १७ हजारांहून अधिक कॅथलिकांनी सह्या केलेले निवेदन संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासचिवांमार्फत सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांना पाठविण्यात आले.

त्याच वर्षी, १९ मार्च रोजी, म्हणजे संत योसेफच्या सणाच्या दिवशी, 'लिथुआनियातील कॅथलिक ख्रिस्तसभेचे इतिवृत्त' या गुप्त नियतकालिकाचा पहिला अंक निघाला. कोणत्या शाळेत कोणत्या मुलाला चर्चला जाण्यावरून अपमान सोसावा लागला, कोणाच्या घरातून प्रार्थनापुस्तके जप्त झाली, कोणाची चौकशी झाली, अशा नोंदी त्यात गाव, तारीख आणि नावांसह असत. कार्बन कागद लावून टंकलेखन यंत्रावर एका वेळी थोड्याच प्रती निघत. त्या वाचणाऱ्याने पुन्हा टंकून पुढे द्यावयाच्या, अशी रीत होती. १९८९ पर्यंत त्याचे ८१ अंक निघाले. त्याचे पहिले संपादक फादर सिगितास तामकेविचियुस यांना १९८३ मध्ये अटक झाली. १९८८ मध्ये ते सुटले, पुढे कौनासचे आर्चबिशप झाले आणि २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना कार्डिनल केले.

या इतिवृत्ताचा ११ वा अंक टंकित करीत असताना ऑगस्ट १९७४ मध्ये सिस्टर नियोले सादूनाइते यांना अटक झाली. त्यांना तीन वर्षे छावणी आणि तीन वर्षे सायबेरियात हद्दपारी अशी शिक्षा झाली. मनोरुग्णालयात टाकण्याची धमकी देऊनही त्यांनी कोणाचेही नाव सांगितले नाही. त्यांच्या आठवणी 'अ रेडियन्स इन द गुलाग' या नावाने १९८७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाल्या. चौकशी करणाऱ्यांविषयी त्या खेळकरपणे, काही ठिकाणी चक्क विनोदाने लिहितात, पण द्वेषाने लिहीत नाहीत. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

या इतिवृत्ताला मदत करणाऱ्यांत कॅथलिक नसलेलेही होते. मॉस्कोतील जीवशास्त्रज्ञ सर्गेई कोवाल्योव्ह यांच्यावर ठेवलेल्या आरोपांत या इतिवृत्ताशी असलेल्या संबंधाचाही समावेश होता. डिसेंबर १९७५ मध्ये विल्निअस येथे त्यांचा खटला चालू होता. त्याच दिवसांत ऑस्लो येथे आंद्रेई साखारोव्ह यांना शांततेचे नोबेल पारितोषिक दिले जात होते. साखारोव्ह यांना देशाबाहेर जाण्याची परवानगी नव्हती. पारितोषिक त्यांच्या पत्नीने स्वीकारले. त्या वेळी ते स्वतः विल्निअसमधील न्यायालयाबाहेर, मित्राच्या खटल्यासाठी, उभे होते.

आकडे आणि मर्यादा

या पुस्तकांच्या मर्यादाही आपण समजून घेतल्या पाहिजेत. सोल्झेनित्सिन यांनी लिहिले तेव्हा सरकारी दप्तरे बंद होती. त्यांनी दिलेले एकूण संख्येचे आकडे अंदाजाचे होते आणि त्यांतील काही पुढे फार मोठे ठरले. आपला ग्रंथ हे साहित्यिक पद्धतीने केलेले संशोधन आहे, असे त्यांनीच त्याच्या उपशीर्षकात सूचित केले आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर दप्तरे काही प्रमाणात खुली झाली. त्यांच्या आधारे ॲन ॲपलबॉम यांनी लिहिलेला 'गुलाग: अ हिस्टरी' हा ग्रंथ २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३० ते १९५३ या काळात सुमारे १ कोटी ८० लाख माणसे छावण्यांतून गेली आणि सुमारे ६० लाख हद्दपार झाली, असे आज मानले जाते. छावण्यांतील सरकारी नोंदींतच १५ लाखांहून अधिक मृत्यू आढळतात. वाटेत मेलेले, मरणासन्न अवस्थेत सोडून दिलेले आणि गोळी घालून मारलेले यांचा हिशेब त्याहून वेगळा आहे.

आकडा दुरुस्त झाला म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. साक्षीदार स्वतः पाहिलेल्या गोष्टींचा जबाबदार असतो; एकूण बेरीज करणे हे पुढच्या अभ्यासकांचे काम आहे. त्याचप्रमाणे सोल्झेनित्सिन यांची राजकारणाविषयीची उत्तरायुष्यातील सर्व मते आपल्याला मान्य असलीच पाहिजेत असे नाही. पुस्तकाचा आदर करणे आणि लेखकाच्या प्रत्येक मताला मान डोलावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्मृतीचे हे काम अजून संपलेले नाही. २००९ मध्ये रशियातील शाळांच्या अभ्यासक्रमात 'गुलाग द्वीपसमूह'चा समावेश झाला. दुसरीकडे, बळींच्या नोंदी गोळा करणाऱ्या 'मेमोरियल' या संस्थेचे विसर्जन करण्याचा आदेश तेथील सर्वोच्च न्यायालयाने २८ डिसेंबर २०२१ रोजी दिला. पुढच्याच वर्षी त्या संस्थेला शांततेच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. जे देश आपला भूतकाळ वाचू देतात आणि तरीही तो शोधणाऱ्यांना थांबवितात, तेथे एखादी जुनी प्रत जपून ठेवणे हेही धैर्याचे काम ठरते.

ही पुस्तके कशी वाचावीत?

ज्यांना या विषयाचा परिचय नाही त्यांनी एकदम तीन खंडांच्या 'गुलाग द्वीपसमूह'पासून प्रारंभ करू नये. त्याची लेखकाच्या संमतीने तयार झालेली एका खंडातील संक्षिप्त इंग्रजी आवृत्ती १९८५ पासून उपलब्ध आहे. युवकांनी दालिया ग्रिंकेविच्युटे यांच्या लहान पुस्तकापासून आरंभ करावा, कारण ते त्यांच्याच वयाच्या मुलीचे आहे. प्रार्थना आणि दैनंदिन जीवन यांचा संबंध शोधणाऱ्यांना 'ही लीडेथ मी' जवळचे वाटेल. धर्मग्रामातील वाचकमंडळांनी ही चारही पुस्तके क्रमाने घेतली तर त्यांतून एका संपूर्ण कालखंडाचे चित्र उभे राहील.

वाचताना आरंभीचे तीन प्रश्न हाताशी असू द्यावेत. काय पाहिले, या प्रश्नाने आपण अफवा आणि साक्ष यांतील भेद ओळखू शकतो. ज्या पुस्तकात केवळ 'त्यांनी आम्हांला छळले' एवढेच असते आणि कोण, कोठे, केव्हा हे नसते, ते पुस्तक दुःख जागवील, परंतु न्यायाच्या उपयोगी पडणार नाही. साक्षीदार कसा वागला, या प्रश्नाने आपण सूडाच्या वाटेवर जाण्यापासून वाचतो. फादर चिझेक यांची सही आणि सोल्झेनित्सिन यांची पेटी या दोन गोष्टी ज्याने नीट वाचल्या, त्याला एखाद्या जमातीला सरसकट दोषी ठरविणे जड जाईल. आणि साक्ष कशी पोहोचली, या प्रश्नाने आपल्याला टंकलेखन करणाऱ्या स्त्रिया, शेतघर उघडून देणारे कुटुंब आणि भाकरीचे मणी वळणारे कैदी आठवतात. त्यांपैकी बहुतेकांनी स्वतः एकही पुस्तक लिहिले नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी, महाज्युबिली वर्षातील क्षमादिनी, ख्रिस्तसभेच्या लेकरांनी गतकाळात केलेल्या अपराधांबद्दल जाहीरपणे क्षमायाचना केली आणि स्मृतीच्या शुद्धीकरणाचा विचार मांडला. स्वतः नाझी आणि कम्युनिस्ट या दोन्ही राजवटी अनुभवलेल्या या पोपमहोदयांना ठाऊक होते की, दुसऱ्यांनी आपल्यावर केलेल्या अन्यायाची आठवण आपण सहज जपतो. आपल्या हातून घडलेल्या अन्यायाची आठवण जपणे कठीण असते. वर वर्णिलेली पुस्तके या कठीण कामात आपल्याला मदत करतात. त्यांच्या लेखकांना स्वातंत्र्य मिळाले ते केवळ छावणीचे फाटक उघडले त्या दिवशी नव्हे. खोटे बोलावयाचे नाही, आणि स्वतःविषयी तर मुळीच नाही, असा निश्चय त्यांनी केला, तेव्हाच त्या स्वातंत्र्याचा आरंभ झाला होता. ही पुस्तके आपल्या घरात, आपल्या वाचनालयात यावीत आणि ती उघडली जावीत, एवढीच आमची वाचकांना नम्र विनंती आहे.